न्या. थेल्टन हेंडरसन : वस्तीतल्या वकिलीपासून तुरुंगाच्या दवाखान्यापर्यंत

खाडीपलीकडे :

सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या आसपास राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना ओकलंड, ईस्ट पालो आल्टो आणि तुरुंगासाठी ओळखले जाणारे सान क्वेंटिन ही नावे महामार्गावरच्या पाट्यांमुळे पाठ झालेली असतात. या तिन्ही ठिकाणांशी ज्यांचे काम घट्ट जोडलेले होते, त्या फेडरल न्यायाधीशांचे नाव मात्र मराठी मंडळींच्या बोलण्यात क्वचितच येते. थेल्टन हेंडरसन हे १९८० पासून २०१७ पर्यंत उत्तर कॅलिफोर्निया जिल्ह्याच्या फेडरल न्यायालयात न्यायाधीश होते आणि १९९० ते १९९७ या काळात तिथले मुख्य न्यायाधीश होते. त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्या कामाची सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

त्यांचा जन्म १९३३ मध्ये लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे झाला. ते लहान असतानाच कुटुंब लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात येऊन राहिले, आणि लोकांच्या घरी काम करणाऱ्या आईने व आजीने त्यांना वाढवले. अमेरिकन फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर ते बर्कलीला गेले, गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळ सुटला, पण शिक्षण सुटले नाही. १९५६ मध्ये पदवी, त्यानंतर लष्करातील सेवा आणि १९६२ मध्ये बर्कलीच्याच विधी महाविद्यालयाची पदवी असा तो क्रम आहे. लगेचच ते केंद्रीय न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागात रुजू झाले. त्या विभागातले ते पहिले कृष्णवर्णीय वकील होते. दक्षिणेकडील राज्यांत स्थानिक पोलीस नागरी हक्क चळवळीतील लोकांशी कसे वागतात, यावर लक्ष ठेवणे हे त्यांचे काम होते. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅममध्ये गोऱ्यांच्या हॉटेलांत त्यांना खोली मिळणे शक्य नव्हते, म्हणून ते गॅस्टन मोटेलमध्ये उतरत. मार्टिन लूथर किंग यांचाही मुक्काम तिथेच असे.

याच काळात एक प्रसंग घडला. १९६३ च्या शरद ऋतूत किंग यांना रात्रीच्या वेळी बर्मिंगहॅमहून सेल्माकडे जायचे होते आणि त्यांच्या गाडीचे टायर भरवशाचे नव्हते. अंधाऱ्या रस्त्यावर ती गाडी बंद पडली असती तर त्यांच्या जिवाला काय धोका होता, हे त्या वर्षी अलाबामात सर्वांनाच ठाऊक होते. हेंडरसन यांनी सरकारी खर्चाने भाड्याने घेतलेली आपली गाडी त्यांना दिली. अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी याचे भांडवल केले, न्याय खात्याने आधी इन्कार केला, मग खरे काय ते बाहेर आले आणि हेंडरसन यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती.

माझ्या मते त्यांच्या पुढच्या कारकिर्दीची किल्ली राजीनाम्यानंतरच्या सतरा वर्षांत आहे. ओकलंडमध्ये थोडी वकिली केल्यावर १९६६ मध्ये ते ईस्ट पालो आल्टोतील कायदेविषयक मदत केंद्राचे प्रमुख झाले. स्टॅनफर्डच्या हिरवळीपासून गाडीने काही मिनिटांवर असलेल्या त्या वस्तीत घरमालक, सावकार, पोलीस आणि सरकारी कचेऱ्या यांच्यापुढे हतबल झालेल्या माणसांना वकील मिळवून देणे हे या केंद्राचे काम होते. १९६८ मध्ये किंग यांच्या हत्येनंतर स्टॅनफर्डच्या विधी महाविद्यालयाने त्यांना साहाय्यक अधिष्ठाता म्हणून बोलावले. तिथे त्यांनी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना शोधून आणण्याची, त्यांना प्रवेश मिळवून देण्याची आणि ते टिकून राहतील याची काळजी घेणारी व्यवस्था उभी केली. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांची न्यायाधीश म्हणून नेमणूक केली, तेव्हा कायदा सामान्य माणसाच्या दारापर्यंत कसा पोहोचतो आणि कुठे अडतो याचा त्यांच्याइतका अनुभव असलेली माणसे न्यायासनावर फार थोडी होती.

मध्यरेषा :

धागा फार आवडला. एक शंका आहे. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. हेंडरसन ८० च्या पुढे गेल्यावरही खटले चालवत होते, ते कसे? 'सीनियर स्टेटस' असा उल्लेख मी काही ठिकाणी वाचला आहे. ती निवृत्ती समजायची का?

खाडीपलीकडे :

मध्यरेषा, अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे फेडरल न्यायाधीशांची नेमणूक तहहयात असते आणि वयाची सक्ती नसते. वय आणि सेवेची वर्षे मिळून ८० भरली आणि वय किमान ६५ असले, तर त्यांना सीनियर स्टेटस घेता येते. त्यांची जागा नव्या नेमणुकीसाठी मोकळी होते, ते स्वतः मात्र न्यायाधीशच राहतात आणि झेपेल तेवढे काम करतात. हेंडरसन यांनी ६५ वर्षे पूर्ण होताच, म्हणजे १९९८ मध्ये, ही सवलत घेतली. त्यांचे सर्वांत मोठे प्रकरण, कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतील वैद्यकीय सेवेचे, त्यानंतर आले. पूर्ण निवृत्ती त्यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये घेतली.

वकिलाची_वही :

मी कायद्याच्या क्षेत्रातली आहे, म्हणून हेंडरसन यांनी पेलिकन बे तुरुंगाबाबत दिलेल्या निकालाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. हा निकालपत्राचा ग्रंथच आहे, आणि न्यायाधीशाने वस्तुस्थितीची नोंद कशी करावी याचा तो वस्तुपाठ आहे असे मी मानते.

पेलिकन बे हा तुरुंग १९८९ च्या अखेरीस ओरेगनच्या सीमेजवळ, क्रेसंट सिटीपाशी सुरू झाला. सर्वांत धोकादायक ठरवलेल्या कैद्यांसाठी तिथे एक स्वतंत्र विभाग होता. ८ फूट बाय १० फुटांच्या, खिडकी नसलेल्या कोठडीत दिवसाचे साडेबावीस तास काढायचे, अशी तिथली रचना. कैद्यांची पत्रे न्यायालयाकडे येऊ लागली आणि त्यांतून सामूहिक दावा उभा राहिला. १९९३ च्या सुनावणीपूर्वी हेंडरसन दोन्ही बाजूंच्या वकिलांना बरोबर घेऊन दोन दिवस तो तुरुंग फिरून आले. सुनावणीत तज्ज्ञांव्यतिरिक्त ५७ साक्षीदार तपासले गेले आणि ६,००० हून अधिक कागदपत्रे दाखल झाली. जानेवारी १९९५ मध्ये निकाल आला.

त्या निकालात एका मनोरुग्ण कैद्याचा प्रसंग आहे. अंगावर विष्ठा फासून घेतलेल्या त्या माणसाला स्वच्छ करण्याच्या नावाखाली कडकडीत पाण्याच्या टबात बसवले गेले आणि त्याची कातडी भाजून सोलवटून निघाली. निकालपत्र हा प्रसंग अत्यंत संयत शब्दांत मांडते, आणि म्हणूनच तो वाचताना अंगावर काटा येतो. हातपाय एकत्र जखडून कैद्यांना तासन्‌तास तसेच ठेवणे, कोठडीत घुसून गरजेपेक्षा कितीतरी जास्त बळ वापरणे, डोक्याला मार लागलेल्यांकडे वैद्यकीय दुर्लक्ष होणे, या सर्वांची साक्षीपुराव्यानिशी नोंद करून त्यांनी असा निष्कर्ष काढला की क्रूर आणि असाधारण शिक्षेला मनाई करणाऱ्या आठव्या घटनादुरुस्तीचा इथे भंग झाला आहे.

आता त्या निकालातला जो भाग फारसा कुणी सांगत नाही तो सांगते. मनोरुग्णांना त्या एकांतकोठडीत ठेवणे म्हणजे दम्याच्या रोग्याला हवा नसलेल्या जागी कोंडणे होय, अशा अर्थाचे विधान त्यांनी केले आणि अशा कैद्यांना तिथून हलवण्याचा आदेश दिला. परंतु ज्यांची मनोवस्था स्थिर आहे अशा कैद्यांसाठी तो संपूर्ण विभागच घटनाबाह्य ठरवावा, ही मागणी त्यांनी मान्य केली नाही. तिथली परिस्थिती माणसाच्या सोसण्याच्या कडेवर येऊन ठेपली आहे असे म्हणूनही, त्या वेळच्या पुराव्यावर आणि कायद्यावर त्यांना तेवढे पुढे जाता येईना. ज्यांना ते 'चळवळीचे न्यायाधीश' वाटतात त्यांनी हा परिच्छेद अवश्य वाचावा. त्याच विभागातील अनिश्चित काळाची एकांतकोठडी पुढे कैद्यांची उपोषणे आणि वेगळा दावा यांनंतर २०१५ च्या तडजोडीने संपली. तो खटला याच जिल्हा न्यायालयात दुसऱ्या न्यायाधीशांपुढे चालला होता.

साक्षेप :

वकिलाची वही यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे आणि हेंडरसन यांच्या सचोटीविषयी मला यत्किंचितही शंका नाही. तरीही दुसरी बाजू नोंदवली पाहिजे. लोकांनी निवडून न दिलेल्या एका न्यायाधीशाने राज्याच्या तुरुंगांची वैद्यकीय व्यवस्था सरकारच्या हातून काढून घ्यावी आणि स्वतः नेमलेल्या माणसाकडे सोपवावी, त्यावर राज्याच्या तिजोरीतून खर्च व्हावा, हे लोकशाहीत कितपत बसते? त्याच वैद्यकीय सेवेच्या प्रकरणात पुढे आलेल्या, कैद्यांची संख्या घटवण्याच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात जेमतेम ५ विरुद्ध ४ अशा मतांनी मंजुरी मिळाली. न्या. स्कालिया यांनी आपल्या विरोधी मतात हा देशाच्या इतिहासातील बहुधा सर्वांत टोकाचा आदेश असल्याचे म्हटले, तर न्या. अलिटो यांनी सार्वजनिक सुरक्षेची भीती व्यक्त केली.

शिवाय त्यांचे इतर काही निर्णय वरच्या न्यायालयात टिकले नाहीत. सार्वजनिक शिक्षण, नोकऱ्या व कंत्राटांत वंश किंवा लिंग पाहून प्राधान्य देण्यास मनाई करणारा प्रस्ताव २०९ हा १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केला होता. हेंडरसन यांनी त्याच्या अंमलबजावणीला अंतरिम मनाई केली आणि १९९७ मध्ये पश्चिमेकडील राज्यांच्या, म्हणजे नवव्या सर्किटच्या, अपील न्यायालयाने ती रद्द केली. स्टॅनफर्डमध्ये ज्या प्रकारचे प्रवेश त्यांनी स्वतः घडवून आणले, त्याच प्रकारच्या धोरणांविषयीचा खटला त्यांनीच चालवावा का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

खाडीपलीकडे :

साक्षेप, आपण प्रश्न योग्य शब्दांत मांडला आहे, म्हणून मीही नीट उत्तर देतो.

आधी तुरुंगांचे प्रकरण. दावा २००१ मध्ये दाखल झाला. २००२ मध्ये राज्य सरकारने स्वतः तडजोड मान्य केली आणि टप्प्याटप्प्याने एकेका तुरुंगातील वैद्यकीय सेवा सुधारण्याचे वचन दिले. त्यानंतर तीन वर्षे हेंडरसन यांनी सरकारला संधी दिली, तज्ज्ञ नेमले, बैठका घेतल्या आणि स्वतः सान क्वेंटिनला भेट दिली. तिथे दिवसाला सुमारे शंभर कैद्यांची तपासणी जिथे होई त्या मुख्य खोलीत हात धुवायला बेसिनसुद्धा नव्हते. दंतवैद्य एका रुग्णाच्या तोंडात घातलेले हातमोजे न बदलता दुसऱ्याला तपासत होता. ऑक्टोबर २००५ च्या निष्कर्षात त्यांनी नोंदवले की कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत सरासरी दर सहा-सात दिवसांनी एक कैदी टाळता येण्याजोग्या कारणाने मरत आहे. या तपशिलाला राज्याने फारसे आव्हानही दिले नाही. ज्यांना मृत्युदंड झालेला नाही अशी माणसे वेळेवर औषध न मिळाल्यामुळे मरत असतील, तर तडजोडीवर सही करूनही काहीच न करणाऱ्या सरकारला न्यायालयाने आणखी किती मुदत द्यायची? २००६ मध्ये त्यांनी रिसीव्हर नेमला.

मुंबई उच्च न्यायालयात मिळकतीच्या वादांत कोर्ट रिसीव्हर नेमतात हे आपल्याला माहीत आहे. मालमत्तेची नासाडी होऊ नये म्हणून न्यायालय ती तात्पुरती आपल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात देते. इथे तुरुंग खात्याच्या प्रमुखाचे वैद्यकीय सेवेपुरते अधिकार रिसीव्हरकडे गेले, बाकीचा तुरुंग सरकारकडेच राहिला. पाऊल मोठे होते हे मी नाकारत नाही. त्यांनी ते शेवटचा उपाय म्हणून उचलले, हे मात्र कालक्रमावरून स्पष्ट दिसते.

कैद्यांच्या संख्येविषयीचा आदेश त्यांचा एकट्याचा नव्हता. १९९६ च्या कायद्याने अमेरिकेच्या संसदेनेच अशी अट घातली आहे की सौम्य उपाय फसल्यावरच, आणि तीन न्यायाधीशांच्या पीठालाच, असा आदेश देता येतो. त्या पीठात हेंडरसन यांच्यासोबत कैद्यांच्या मानसिक आरोग्याचे प्रकरण हाताळणारे न्या. लॉरेन्स कार्लटन आणि अपील न्यायालयाचे न्या. स्टीफन राइनहार्ट होते. सुमारे ८०,००० कैद्यांसाठी बांधलेल्या तुरुंगांत जवळपास दुप्पट माणसे होती. ऑगस्ट २००९ मध्ये पीठाने ही संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्यास सांगितले. म्हणजे तेव्हाही क्षमतेहून अधिक कैदी ठेवण्याची मुभा होतीच. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम केला. बहुमताचे निकालपत्र लिहिणारे न्या. केनेडी हे कॅलिफोर्नियाचेच. त्यांनी लिहिलेले तपशील कोणत्याही युक्तिवादापेक्षा बोलके आहेत : एका शौचकूपामागे ५४ पर्यंत कैदी, व्यायामशाळेत दाटीवाटीने झोपणारी दोनशे माणसे, १२ फूट बाय २० फुटांच्या पिंजऱ्यात उपचारासाठी पाच-पाच तास ताटकळणारे ५० आजारी कैदी, आणि मनोविकारतज्ज्ञांची निम्म्याहून अधिक पदे रिकामी.

त्यानंतर राज्याने किरकोळ गुन्ह्यांतील नवे कैदी परगण्यांच्या तुरुंगांकडे वळवले, मतदारांनी शिक्षेचे काही कायदे सौम्य केले आणि २०१५ च्या सुरुवातीला, ठरलेल्या मुदतीच्या वर्षभर आधी, संख्या त्या मर्यादेखाली आली.

प्रस्ताव २०९ बद्दल आपले म्हणणे तथ्याला धरून आहे आणि तो निर्णय रद्द झाला, हे सत्यच आहे. त्या वेळी काही लोकप्रतिनिधींनी त्यांच्यावर महाभियोग चालवण्याची भाषाही केली. परंतु पूर्वायुष्यात ज्याने एका बाजूचे काम केले त्याने त्या विषयाचे खटले चालवू नयेत, हा निकष लावायचा तर वर्षानुवर्षे सरकारी वकील म्हणून काम केलेल्या माणसाला फौजदारी खटलेही चालवता येणार नाहीत. अशांना आपण पक्षपाती म्हणत नाही. वस्तीतल्या गरिबांची वकिली केलेल्याला मात्र तो प्रश्न लगेच विचारला जातो, ही गोष्ट मला खटकते.

वकिलाची_वही :

रद्द झालेल्या निर्णयांमध्ये आणखी एक जोडते. समलिंगी व्यक्तींना संरक्षण खात्याशी संबंधित कामाची गोपनीयता-मंजुरी देण्यापूर्वी जादा चौकशी करण्याचे सरकारी धोरण त्यांनी १९८७ मध्ये समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवले. १९९० मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. १९९५ मध्ये मात्र राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने केवळ लैंगिक कल पाहून मंजुरी नाकारण्यास बंदी आली. सिलिकॉन व्हॅलीतील ज्या तंत्रज्ञांनी तो दावा लावला होता, ते न्यायालयात हरले आणि त्यांची मागणी पाच वर्षांनी सरकारी धोरण झाली. वरच्या न्यायालयात टिकला की नाही, एवढ्यावर निकालाची किंमत करू नये, असे मला वाटते.

दर्यावर्दी :

माझा विषय सागरी जीवशास्त्र, म्हणून थोडक्यात भर घालतो. पूर्व प्रशांत महासागरात ट्यूना माशांचे थवे डॉल्फिनच्या खालून पोहतात. मच्छीमार डॉल्फिन पाहून त्यांच्याभोवती जाळे टाकत आणि त्यात डॉल्फिन मोठ्या संख्येने मरत. कायद्यात तरतूद असूनही सरकार ती अमलात आणत नव्हते. १९९० मध्ये हेंडरसन यांनी अशा पद्धतीने पकडलेला ट्यूना मेक्सिकोसह संबंधित देशांतून आयात करण्यास बंदी घालण्याचा आदेश दिला. त्यावरून मेक्सिकोने आंतरराष्ट्रीय व्यापार कराराखाली तक्रार केली आणि तो वाद पर्यावरण विरुद्ध मुक्त व्यापार या विषयाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेला. पुढे २००४ मध्ये डब्यावरच्या 'डॉल्फिन-सुरक्षित' या शिक्क्याचे निकष सैल करण्याचा सरकारचा प्रयत्न त्यांनी रोखला, आणि तो निर्णय अपिलात टिकला. विज्ञानाचा पुरावा बाजूला सारून धोरण बदलता येणार नाही, ही त्यांची भूमिका आम्हा अभ्यासकांना फार मोलाची वाटते.

टेकडीवरचे_घर :

ओकलंडमध्ये आमचा बराच काळ मुक्काम आहे, म्हणून पोलिसांच्या प्रकरणाची विचारणा करते. त्यावर कुणी लिहील का? आमच्या शेजारच्या ज्येष्ठ मंडळींच्या तोंडी हेंडरसन यांचे नाव याच संदर्भात येते, आणि आदराने येते.

खाडीपलीकडे :

ताई, तो धागा असा आहे. २००० मध्ये पश्चिम ओकलंडमधील काही पोलिसांवर लोकांना मारहाण केल्याचे आणि खोटा पुरावा ठेवून अटका केल्याचे आरोप झाले. नव्याने भरती झालेल्या एका पोलिसानेच ही गोष्ट उघड केली होती. ११९ जणांनी दावा केला आणि २००३ मध्ये शहराने सुमारे १ कोटी ९ लाख डॉलर्स देऊन, तसेच बळाचा वापर, तक्रारींची चौकशी, वरिष्ठांची देखरेख अशा पन्नासहून अधिक बाबींत सुधारणा करण्याचे कबूल करून तडजोड केली. देखरेख हेंडरसन यांच्याकडे होती. सुधारणा रेंगाळत गेल्या, तेव्हा २०१२ मध्ये पोलीस दलासाठीही रिसीव्हर नेमण्याची वेळ आली होती. अखेर दोन्ही पक्षांच्या संमतीने व्यापक अधिकार असलेला अनुपालन संचालक (कबूल केलेल्या सुधारणा अमलात येतात हे पाहणारा अधिकारी) नेमण्यावर तोडगा निघाला. इथेही तोच स्वभाव दिसतो : आधी कबुली घ्यायची, मग वाट पाहायची, अहवाल मागवायचे, आणि तरीही हलले नाही तर अधिकार काढून घ्यायची तयारी दाखवायची.

मध्यरेषा :

निवृत्तीनंतर त्यांनी काय केले? आपल्याकडे निवृत्त न्यायमूर्ती बहुधा लवाद किंवा चौकशी आयोग यांकडे वळतात.

खाडीपलीकडे :

ते पुन्हा बर्कलीच्या विधी महाविद्यालयात गेले आणि अभ्यागत म्हणून विद्यार्थ्यांमध्ये रमले. तिथे १९९९ मध्ये सुरू झालेल्या सामाजिक न्याय केंद्राला त्यांचे नाव आधीच दिलेले होते. प्रस्ताव २०९ नंतर त्या महाविद्यालयात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रवेश एकदम घसरले होते आणि केंद्राच्या स्थापनेमागे ती अस्वस्थता होती. ज्या कायद्याला त्यांनी दिलेली मनाई टिकली नाही, त्याच कायद्याच्या परिणामांशी झुंजणाऱ्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले, आणि स्टॅनफर्डमध्ये तरुणपणी सुरू केलेले काम त्यांनी ८० च्या पुढच्या वयात बर्कलीत पुढे नेले. स्नायू दुबळे करणाऱ्या आजारामुळे त्यांना शेवटची बरीच वर्षे चाकाच्या खुर्चीतून न्यायालयात यावे लागत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या उमेदीचे मोल अधिक कळते.

साक्षेप :

उत्तराबद्दल आभार. रिसीव्हर नेमण्यापूर्वीच्या तीन वर्षांचा तपशील मला माहीत नव्हता. माझा मूळ आक्षेप पूर्णपणे गेलेला नाही, कारण शेवटचा उपाय म्हणून आलेली व्यवस्था कधी संपणार हेही महत्त्वाचे आहे. ती संपली का?

खाडीपलीकडे :

अद्याप संपलेली नाही, आणि आपला मुद्दा रास्त आहे. २०१५ च्या जुलैमध्ये फॉल्सम तुरुंगाची वैद्यकीय सेवा सर्वप्रथम राज्याकडे परत देण्यात आली. त्यानंतर तपासणीत समाधानकारक ठरलेला एकेक तुरुंग परत देण्याची पद्धत सुरू राहिली. हेंडरसन निवृत्त झाल्यावर तुरुंगांचे प्रकरण न्या. जॉन टायगर यांच्याकडे आणि ओकलंड पोलिसांचे प्रकरण न्या. विल्यम ऑरिक यांच्याकडे गेले. दोघेही त्याच जिल्हा न्यायालयातले. सुनावण्या खुल्या असतात, आणि खाडी परिसरात राहणाऱ्या कुणालाही तिथे बसून ऐकता येते.